हवेकडे कोण बघतं?

गादीवाल्या आजोबांच्या गादीवर पाठ टेकली की माणूस कूस बदलायच्या आत झोपतो, असं सगळी गल्ली म्हणायची. आजोबा स्वतः तसं कधी म्हणत नसत. दुसऱ्या कुणी म्हटलं की मान खाली घालून दाभणात दोरा ओवायला घ्यायचे, आणि तो दोरा हटकून पहिल्या खेपेलाच जायचा. नवी जोडपी, बाळंतिणी, कंबर धरलेले कारकून, सगळ्यांना त्यांनी आजवर निजवलं होतं. आणि आता त्यांची सख्खी नात, त्यांच्याच घरात, त्यांनी हातानं भरलेल्या गादीवर रात्रभर टक्क जागी बसत होती.

नात आली होती मंगळावरून. आजोबांची एकुलती एक लेक ऐन उमेदीत तिकडच्या वस्तीत गेली, तिथंच तिनं संसार मांडला आणि तिथल्याच तांबड्या मातीत ती मिसळली. जाता जाता पोरीला म्हणाली, माझ्या बाबांना एकदा बघून ये, जमलं तर राहा त्यांच्याजवळ. म्हणून ही पोर आली. लांबलचक हातापायांची, उन्हात न वाढलेल्या कोंबासारखी फिकी. इथं तिचं वजन तिकडच्यापेक्षा दुपटीहून जास्त भरायचं. गुडघ्यांना आधाराच्या पट्ट्या बांधून ती चालायची आणि जिन्याच्या पायरीपायरीला "आई गं" म्हणायची. ते "आई गं" इतकं हुबेहूब लेकीचं असायचं की खाली दुकानात आजोबांचा हात चालता चालता थांबायचा.

तिची बोली सगळी आईकडून आलेली. त्यामुळे तिच्या तोंडून आजोबांची तीस वर्षांपूर्वीची लेक बोलायची, लटकं रागवायची, "इश्श, काहीतरीच काय" म्हणायची. आणि मधेच असं काही बोलायची की आजोबांना वाटायचं, ही आपली नसून कुठल्या तिसऱ्याच जातीच्या जीवाची भाषा आहे, नुसते शब्द आपले आहेत.

म्हणजे असं, की खोलीत शिरली की ती मोठ्यानं म्हणायची, "दार बंद!" घरात ऐकायला कुणी असो नसो. भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि कान लावायची. रात्री उकडतं म्हणून आजोबांनी खिडकी सताड उघडून ठेवली, तर सकाळी खिडकी बंद, आणि चौकटीच्या फटीफटीत दुकानातला कापूस बोळे करून ठासून भरलेला.

"थंडी वाजते होय गं, बाळ?" आजोबांनी विचारलं.

"नाही आजोबा. वारा येत होता."

"मग येऊ दे की. वाऱ्यासाठीच तर उघडली."

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं आपण विस्तवात हात घालणाऱ्या लेकराकडे पाहू. आजोबांनी रात्री तिच्या अंगावर आणखी एक दुलई घातली.

आठवड्याच्या सुरुवातीला मंगळावरच्या वस्तीच्या इथल्या कार्यालयातून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली, आणि आजोबांना जिन्यात गाठून हळू आवाजात म्हणाल्या, "तिचं हृदय अजून शिकतंय. दिवसभर या वजनाशी झुंजायचं, तर त्याला झोपेचा विसावा हवा. झोप लागायला लागली तर खुशाल राहू दे. नाही लागली तर परतीचं यान शनिवारी निघतंय, त्यात बसवावं लागेल. शुक्रवारी येते मी."

"मग पुढच्या यानानं परत येईल का ती?"

बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "एवढा प्रवास शरीर दुसऱ्यांदा सोसत नाही, आजोबा. गेली की गेली."

तेव्हापासून आजोबांनी दुसरं काम हाती घेतलं नाही. जाड गादी झाली, पातळ झाली. काथ्याची करून पाहिली. पोर म्हणाली, छान आहे. उशी उंच केली, ठेंगणी केली. तेही छान होतं. सगळं छान होतं आणि सकाळी ती भिंतीला टेकून बसलेली असायची, डोळे लालबुंद, ओठांवर पाहुणीसारखं हसू.

समोरच्या दुकानातला चष्मेवाला त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. तो काय गप्प बसतोय!

"हरलास रे गादीवाल्या," तो पायरीवर येऊन बसला. "आयुष्यभर लोकांना लोळवलंस, आता घरचीच पोर तुला जागवतेय."

"तू तुझ्या काचा पूस."

"मी सांगू? तिला दिव्यांचा त्रास होत असेल. काळा चष्मा देतो, पैसे नकोत."

"झोपताना चष्मा घालून कोण झोपतं, गाढवा?"

"मी झोपतो. स्वप्नं स्पष्ट दिसतात." मग हसू आवरून तो म्हणाला, "अरे, तिला राहायचंच नसेल तर? विचारलंस का कधी?"

नव्हतं विचारलं. ती "नाही" म्हणाली तर काय करायचं, हे ठाऊक नसल्यामुळे विचारलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी आजोबांनी तिला पहिल्यांदाच दुकानात खाली आणलं. एरवी दिवसभर ती वरच्या खोलीत एकटी असायची. नळाच्या पाण्याखाली हात धरून, वरून पाणी पडतं आणि कुणी ते परत गोळा करत नाही, याचं नवल करत बसायची. दुकानात पिंजलेल्या कापसाचा ढीग छताला लागला होता. ती त्याच्या कडेला बसली. जेवण झालेलं, ऊन उंबऱ्यावर आलेलं. खोळीची शिवण घालता घालता आजोबांचा डोळा लागला.

जागे झाले तर पोर तशीच ताठ बसलेली, एक हात भिंतीला लावून.

"झाली झोप?" तिनं विचारलं.

"लागला होता जरा डोळा."

"आता तुम्ही जागे आहात ना?"

"आहे की. गिऱ्हाईक यायचंय."

"मग मी पडू?"

"पड की. विचारायचं काय त्यात?"

तिनं कापसावर मान टाकली आणि पुढचा शब्द आजोबांच्या तोंडातून निघायच्या आत ती झोपली. अशी झोपली की ओठ उघडे, मुठी सैल, पापणी हलत नाही. गिऱ्हाईक आलं, हुज्जत घालून गेलं. चष्मेवाला डोकावला, त्याला आजोबांनी नुसत्या भुवयांनी हाकललं. पोर दिवे लागेपर्यंत निजली.

आजोबांना साक्षात्कार झाला. कापूस! सुटा, मोकळा, बिनटाक्याचा. इतके दिवस आपण तिला टाक्यांत कोंडत होतो. तिकडच्या हलक्या अंगाला टाका सोसत नाही. साधी गोष्ट आणि ती आपल्याला सुचू नये! त्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं पोत्यांमागून पोती जिन्यावरून वर ओढली, धापा टाकत, मधे बसत, पुन्हा ओढत. खोलीत गुडघाभर कापूस पसरला. पोर म्हणाली, "अगंबाई, ढगच आणलात तुम्ही." आजोबा समाधानानं, पाठ मोडून आल्यासारखे झोपले.

शुक्रवारी सकाळी ती ढगाच्या मधोमध बसली होती. जागी.

आजोबांना काही म्हणता काही कळेना. तोच कापूस, तीच पोर. ते खोलीच्या दारात उभे राहिले, केसांत कापसाचे तंतू अडकलेले, आणि पाहता पाहता त्यांना राग आला. तिचा नव्हे, कुणाचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्यांनी पोरीच्या मनगटाला नाडी आणि झोप मोजणारा पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "संध्याकाळी बघते. पण तयारी करून ठेवा." जिना उतरताना त्यांनी आजोबांच्या नजरेला नजर दिली नाही.

"काय कमी पडतंय तुला इथं?" आजोबा शेवटी बोललेच. "सांगून टाक एकदाचं. परत जायचंय का? म्हातारा आवडला नाही का?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडे ते गालावर घरंगळायला वेळ लागत असणार. इथं झरकन ओघळलं आणि ती दचकली.

"तुम्ही झोपता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"रात्री तुम्ही झोपता. समोरचे काका झोपतात. मी खिडकीतून बघते, सगळी गल्ली झोपते. एकही माणूस जागं नसतं." तिचा आवाज बारीक झाला. "मग हवेकडे कोण बघतं?"

आजोबा हसले. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

तिनं सांगितलं ते असं. तिकडे घराघरात एक माणूस जागं असतंच. हवा मोजणाऱ्या काट्यावर डोळा, भिंतीवर हात. एक झोपतो तो दुसरा जागा आहे या भरवशावर. म्हातारं माणूस थकून झोपलं तर त्याला कुणी उठवत नाही, बोलूनही दाखवत नाही. धाकट्यानं मुकाट्यानं जागायचं. "मला वाटलं, आईच्या दुःखानं तुम्ही थकलात. म्हटलं, थोडे दिवस मी काढीन."

"अगं, पण इथं हवा असतेच! कुणी बघावं लागत नाही."

"कोण करतं ती?"

"करतं म्हणजे... झाडं करतात."

"परवा तुम्हीच म्हणालात, रात्री झाडं झोपतात."

आजोबा केसांतले कापसाचे तंतू वेचायला लागले.

"आणि हाक आली तर?" ती म्हणाली.

"कुणाची हाक?"

"कुणाची ते माहीत नाही. म्हणूनच तर ऐकायचं." जागणाऱ्याच्या कानाला तिकडे हेडफोन लावलेला असतो, वस्तीच्या मोठ्या तबकड्या लांबलांबच्या ताऱ्यांकडून येणारी खरखर गोळा करतात, आणि ती घराघरात वाटून दिलेली असते. आपल्यासारखं कुणी कुठं असेल आणि बोलेल, तर ते ऐकायला. आजवर नुसती खरखरच आली. "पण बोलावलं कुणी आणि आपण सगळे झोपलेलो असलो, तर त्यांना वाटेल, घरात कुणी राहतच नाही. आई सगळ्यांत जास्त ऐकायची. ऐकताना गुणगुणायची. ते तुमच्याकडचंच ना?" आणि तिनं कापरा सूर धरला:

"पिंजला कापूस, आभाळ आलं घरी,
तू नीज माझ्या सोन्या, जागतो मी दारी."

आजोबा कापसात बसले. कापूस पिंजताना लेकीला निजवायला त्यांनीच रचलेलं गाणं. पहिल्या ओळीलाच ते स्वतः पेंगायचे आणि लेक त्यांच्या मिशा ओढून उठवायची. ती लेक हे गाणं एवढ्या लांब घेऊन गेली आणि खरंच दारी जागत बसली, वर्षानुवर्षं, दुसऱ्यांना झोप लागावी म्हणून. बापानं नुसतं म्हटलेलं तिनं केलं. आता याचं काय करायचं? अभिमान बाळगायचा की रडायचं? त्यांना कळेना.

"झोप," ते म्हणाले. "आज मी जागतो."

"नक्की?"

"तुझ्या आईचा बाप आहे मी."

ती आडवी झाली. त्यांच्या बोटांत आपली लांब बोटं अडकवली आणि गेली झोपेच्या तळाला. आजोबा भिंतीला हात लावून बसले. भिंत भिंतीसारखी लागत होती. हवेकडे बघायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. हवा दिसेना. उन्हाच्या तिरिपेत कापसाचा एक तंतू तरंगत होता, त्याच्यावरच नजर ठेवली. तो वर गेला, खाली आला, जरा डावीकडे...

"आजोबा!"

त्यांनी डोळे उघडले. ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं. पोर त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती, चेहरा पांढराफटक.

"तुम्ही झोपलात!"

साऱ्या जन्मात जागं राहायचं एक काम त्यांच्या अंगावर आलं होतं. "कधीपासून?" त्यांनी खुळ्यासारखं विचारलं.

"मला काय ठाऊक? मी झोपले होते!"

"म्हणजे... दोघंही?"

"दोघंही," ती रागानं म्हणाली. "आई एकदाही झोपली नव्हती. एकदाही नाही."

"समोरचा चष्मेवाला जागा असेल," आजोबा चाचरत म्हणाले.

"घोरतायत ते. इथवर ऐकू येतंय."

खरंच येत होतं. दोघं ऐकत राहिली. पोर उठली, धडपडत भिंतीपाशी गेली, टकटक केली. दुसऱ्या भिंतीपाशी गेली. मग खोलीच्या मधोमध थांबली आणि तिनं छाती भरून श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला, जणू त्यात काहीतरी खोट सापडेल. राग चेहऱ्यावरून उतरत गेला, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला आजोबांकडे नाव नव्हतं.

"कुणीच बघत नव्हतं," ती म्हणाली. "मग आपण आहोत कसे?"

आजोबांनी उत्तर शोधलं. सत्तर वर्षं ते या हवेत श्वास घेत होते आणि हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. आता पडला, आणि खोलीतली नेहमीची हवा कुणी अनोळखी पाहुणं येऊन बसल्यासारखी वाटायला लागली.

"खरं सांगू, पोरी? मला माहीत नाही."

ती हळूच त्यांच्याशेजारी बसली. जिन्यावर चपला वाजल्या. डॉक्टरीणबाई आत आल्या, गुडघाभर कापूस पाहून थबकल्या, मग वाट काढत पुढं होऊन त्यांनी पट्टा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"अहो, ही तर चांगली गाढ झोपली होती! नाडी बघा कशी खाली आलीय. काय केलंत तुम्ही?"

आजोबांनी नातीकडे पाहिलं, नातीनं आजोबांकडे.

"काही नाही," आजोबा म्हणाले. "काहीच केलं नाही आम्ही."

"अशी झोप येणार असेल तर यानाचं नाव काढायला नको." बाई पोरीकडे वळल्या. "पण तुझ्या मनात काय आहे? राहायचंय का तुला?"

आजोबांनी श्वास रोखला. पोर खिडकीबाहेर बघत होती. गल्लीत माणसं निवांत चालली होती, कुणीही भिंतीला हात न लावता.

"मला इथलं काही म्हणजे काही कळत नाही," ती म्हणाली. "कोण बघतं, कोण ऐकतं, सगळं कशाच्या भरवशावर चाललंय..." ती थांबली. "राहते मी. निदान एवढं कळेपर्यंत तरी."

"मग बराच मुक्काम आहे तुझा," बाई म्हणाल्या, आणि पट्टा सोडवायला लागल्या.