एका झटक्यात निघणारा स्कार्फ

मी भांडखोर माणूस नाही. वाद झालाच, तर समोरच्याचं म्हणणं मला आधी पटतं आणि माझं उत्तर चार दिवसांनी सुचतं. सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात गेली. तिथं उत्तर द्यावं लागत नाही, पुस्तक काढून दिलं की भागतं.

त्याच शाळेत माझी सून विज्ञान शिकवायची. यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नियम काढला: शाळेच्या आवारात कुणीही धर्माची खूण म्हणून डोकं झाकायचं नाही. सुनेनं स्कार्फ काढला नाही. पहारेकऱ्यानं तिला फाटकातूनच परत पाठवलं, आणि तिच्या वर्गातल्या मुली खिडकीतून बघत राहिल्या. घरी येऊन तिनं पर्स खुंटीला अडकवली आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी.

नियम बरोबर की चूक, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. दोन्ही बाजूंचं वाचलंय, दोन्ही थोड्या थोड्या पटतात. पण खिडकीतल्या त्या मुली डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. बाईंना एकदा तसंच उभं राहावं लागावं, सगळ्यांदेखत. एवढंच मला हवं होतं, आणि फार हवं होतं.

एका संध्याकाळी बाई स्वतःच घरी आल्या. दूरच्या एका देशात बायकांवर डोकं झाकायची सक्ती होती. त्याविरुद्ध त्या रस्त्यावर उतरून मार खात होत्या. त्यांना पाठिंबा म्हणून शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता. बाई स्कार्फ घालून भाषण करणार आणि शेवटी तो भिरकावून देणार.

"एखादा द्या ना काका," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आता पडूनच असतील."

"पडूनच आहेत, बाई," सून म्हणाली. "माझ्यासारखेच."

"तू मनाला लावून घेऊ नकोस गं. हे त्या तिकडच्या बायकांसाठी आहे."

"हो ना. इकडच्या कुठे पळून चालल्यात!"

ती आत निघून गेली. बाईंनी सुस्कारा सोडला. "आणि तो बांधून कोण देणार? माझ्या डोक्यावर ठरतच नाही मेला."

"मी देईन," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला.

"तुम्ही? काय सांगताय काका!"

बायकोची बोटं संधिवातानं वाकल्यापासून ती जाईपर्यंत तिचा स्कार्फ मीच बांधायचो, हे मी सांगितलं. बाईंचा चेहरा मऊ झाला. "एका झटक्यात निघायला हवा हं," त्या म्हणाल्या.

"निघेल की."

कार्यक्रमाच्या दिवशी मंचामागच्या खोलीत बाई भाषण पुटपुटत बसल्या आणि मी मागे उभा राहिलो. आधी आतली घट्ट टोपी, मग कापड. पहिली पिन टोपीतून अंबाड्याच्या जाळीत घातली, तिच्यात दुसरी अडकवली आणि टोकं कापडाच्या घडीत दडवली. त्या दूरच्या बायकांचा मार खरा होता. त्यांच्या नावाचा कार्यक्रम आपण नासवतोय, हेही मनात आलं. कान तापले. हात थांबले नाहीत.

बाई बोलल्या छानच. "आपल्या डोक्यावर काय असावं, हे बाईचं बाईनं ठरवावं!" टाळ्या पडल्या. बाईंनी स्कार्फ ओढला. अंबाडा हलला, स्कार्फ नाही. पुन्हा ओढला. दोन्ही हातांनी ओढला. पुढच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "बाई, शाळेत चालत नाही!" मग अख्खी रांग ओरडली, "नियम आहे, बाई, नियम!"

हशा विरायच्या आत बाई मागे धावत आल्या. दोन शिक्षिकांनी ओढून पाहिलं. पिनेचं टोक सापडेना, बाई कळवळल्या.

"काका, काढा हो हे!"

"हात थरथरताहेत, बाई. टोचेल. सून काढून देईल. मला न्यायला आलीय, फाटकाबाहेर उभी आहे."

"मग बोलवा तिला!"

"कशी बोलवू? तिला आत यायची मनाई आहे. तुम्हालाच जावं लागेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. मी नजर खाली वळवली नाही, आयुष्यात पहिल्यांदाच.

सभागृह रिकामं होत होतं. त्या गर्दीतून, डोकं झाकून, बाई सगळं मैदान ओलांडून फाटकाशी गेल्या. मी मागे होतो. मुली खिडक्यांत जमल्या होत्या.

सुनेनं स्कार्फकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पण हात वर केला नाही. "काढू, बाई? की राहू दे? तुम्ही म्हणाल तसं."

"काढ," बाई पुटपुटल्या.

"ऐकू नाही आलं."

"काढ गं बाई!"

सुनेनं एकेक पिन काढून बाईंच्या तळहातावर ठेवली. मुळीच घाई केली नाही.

मला वाईट वाटण्याची मी वाट पाहत होतो. वाटलं नाही. घरी जाताना सुनेनं स्कार्फची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "बाबा, आईंनाही असंच बांधायचात?"

"छे," मी म्हणालो. "तिला सैल बांधायचो."