सुतातल्या गाठी

लटारू ढिवर रानात कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, किडे राखायला बसला की सारं गाव त्याच्यापुढे नमतं घ्यायचं. ऐनाच्या झाडांवर किडे चढवले की तो दिवसातून एकदाच जेवायचा, तिथल्या झोपडीतच निजायचा, आणि सख्खा भाऊ भेटायला आला तरी दुरूनच परत जायचा. शिवाशिव झाली तर किडे मरतात, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढचं काम त्याच्या बायकोचं, गुणाबाईचं. राखेच्या पाण्यात उकळलेले कोसे ओले असतानाच त्यांची तार ओढायची आणि मांडीवर वळून सूत करायचं. मध्येच उठलं की कोसे वाळतात, तार तुटते, गाठ मारावी लागते. पण हे काम पडवीत बसून व्हायचं. मग काय, "घरीच तर हायेस" म्हणत जो तो हाक मारायचा. बाई घरात दिसली म्हणजे ती रिकामीच, हा समज कुणी पसरवला देव जाणे.

त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर नागभीडचा विणकर सोमाजी सूत पाहायला आला. बोटांतून धागा सोडत म्हणाला, "बाई, लय गाठी हायेत. पुढच्या खेपेलेबी असंच असन तर मी दुसरीकडून घेतो." सूत तिथंच ठेवून तो गेला. गुणाबाईच्या जिव्हारी लागलं. आईकडून शिकलेल्या तिच्या हाताला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

तिनं लटारूला समोर बसवलं आणि सूत त्याच्या हातात दिलं.

"ही गाठ तुमच्या तंबाखूची. ही तुमच्या बहिणीनं सूप मांगलं तवाची. ह्या दोन, तुमाले कुऱ्हाड सापडत नव्हती तवाच्या. कुऱ्हाड तुमच्याच खांद्यावर होती."

लटारूचा हात आपसूक खांद्याकडे गेला.

"उद्यापासून न्याहारी झाली का मी रानात. उन्हं उतरल्यावर घरी येईन."

"कोणत्या रानात?"

"ह्याच पडवीत. तुमाले रानात कोणी हाका मारते काय?"

दुसऱ्या दिवशी सवयीनं त्यानं दोनदा हाक मारली. तिनं मान वर केली नाही. तो गुमान उठला आणि आपलं पाणी आपणच घेतलं.

तिसऱ्या दिवशी गावातच दिलेली त्याची बहीण इंदुताई आली आणि सरळ पडवीकडे निघाली. लटारू लगबगीनं आडवा आला.

"वहिनी घरी नाई."

"भाऊ, थे काय समोर बसली हाय."

"रानात हाय. दुरूनच बोल, सूत बिघडते."

इंदुताई दोन पावलं मागे सरली. हलक्या आवाजात तिनं भावालाच विचारलं, चाळणी कुठी हाय? भावाला कुठली माहीत. दोघं मिळून सारं घर धुंडाळू लागले.

गुणाबाईला चाळणीची जागा ठाऊक होती. ती तार ओढत राहिली.