अधेली हरवल्यासारखं तोंड

अधेली सापडली ती शेणात, आणि शेण होतं गेणूच्या वाटणीचं. टाकव्याच्या वाटेवर बैलगाड्यांमागं पडलेलं शेण पाटीत भरून घरी न्यायचं, हे त्याचं रविवारचं काम. त्या रविवारी त्याच्याबरोबर दस्तगीर टांगेवाल्याची मेहरुन होती आणि तिच्यामागं तिचा सहा वर्षांचा भाऊ रियाज. रियाजचा अनवाणी पाय शेणाच्या एका पोवात गेला, अंगठ्याला काहीतरी टणक लागलं, आणि ओढ्यावर नेऊन धुतलं तर राजाचं मुंडकं चकाकलं. आठ आण्यांची बंदी अधेली!

पाय रियाजचा, शेण गेणूचं, आणि “अगो बाई, काय त्ये!” असं सगळ्यांत आधी ओरडली मेहरुन. म्हणून तिघांचा हक्क सारखा ठरला. इथवर भांडण नव्हतं.

“सिनेमा!” गेणू म्हणाला.

कामशेतला तंबूतला सिनेमा आला होता आणि आज त्याचा शेवटचा खेळ होता. जमिनीवर बसायचे दोन आणे. तिघांचे सहा, उरल्या दोन आण्यांची भजी. देवानं मोजूनच टाकली म्हणायची, असं गेणू बोललाही. मेहरुनला मात्र सिनेमा नको होता.

कारण मेहरुननं सिनेमा कधी पाहिलाच नव्हता, आणि टाकव्यात ही गोष्ट तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. गेल्या ईदेला ती लोणावळ्याला फकरुद्दीनमामाकडं गेली होती. मामा रेल्वेत. सिनेमाला नेतो म्हणाला आणि ऐनवेळी ड्युटीवर गेला. मेहरुन थेटराच्या भिंतीवरची चित्रं तेवढी बघून परतली. शाळेत मारुतीनं विचारलं, “बघितलास का सिनेमा?” आणि हिच्या तोंडून ‘व्हय’ निघून गेलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण मेहरुनचं तोंड म्हणजे उताराला लागलेला टांगा.

महिनाभरात तिच्या सिनेमातली आगगाडी लोकांच्या डोक्यावरून गेली. हत्तीनं सोंड बाहेर काढून एका पागोटेवाल्याचं पागोटं उचललं. सिनेमात पाऊस पडला तेव्हा पुढं बसलेली माणसं चिंब झाली; मेहरुन मागं होती म्हणून वाचली. मधल्या सुट्टीत अख्खी शाळा तिच्याभोवती जमायची. एकटा मारुती म्हणायचा, “थापा हायत समद्या.” आणि तिच्या बाजूनं त्या मारुतीशी दोनदा मारामारी करून, एकदा तर सदरा फाडून घेऊन आला होता तो गेणू.

आता तोच गेणू तिला सिनेमाला घेऊन निघाला होता. दुसऱ्या कुणापुढं खोटं पडायचं तिला एवढं वाटलं नसतं.

मेहरुनच्या अंगात एकाएकी हरिश्चंद्र संचारला. “परक्याचा पैसा हाय ह्यो,” ती म्हणाली. “ज्याचा गेलाय त्यो रडत असंल. आसला पैसा अंगी लागायचा न्हाई.”

गेणू सरळ मनाचा. त्यानं डोकं खाजवलं. “व्हय गं. पर इचारायचं कसं? ‘अधेली कुणाची?’ म्हनलं तर निम्मं गाव म्हनंल, माझीच.”

बराच वेळ खल झाला आणि शेवटी गेणूनंच तोड काढली. तोंडावरून ओळखायचं. ज्याचं तोंड अधेली हरवल्यासारखं दिसेल, त्याला एवढंच विचारायचं, काय हरवलंय का? त्यानं आपणहून अधेलीचं नाव काढलं तर देऊन टाकायची. दुपारी दस्तगीरचा टांगा कामशेतला निघेपर्यंत कुणी काढलं नाही, तर अधेली आपली आणि सिनेमाही आपला.

“गावात एक तरी आसंलच की,” मेहरुन म्हणाली. बोलण्यापेक्षा तो नवसच होता.

पण झालं भलतंच. जो भेटेल त्याचं तोंड अधेली हरवल्यासारखं! गावातल्या थोरामोठ्यांकडं या पोरांनी आजवर असं निरखून पाहिलंच नव्हतं.

पहिला दत्तोबा दुकानदार. गुळाच्या ढेपेवर हात ठेवून असा बसला होता, की त्याच्या एक नव्हे, चार अधेल्या गेल्या असाव्यात.

“दत्तोबाभाऊ, काय हरवलंय का?” गेणूनं विचारलं.

“गिऱ्हाइकं हरवल्यात. घावली तर हिकडं हाकला.”

“नीट आठवा की भाऊ,” मेहरुन काकुळतीला आली. “काय तरी गोल... पांढरं...”

गेणूनं तिला कोपर मारलं. आपण सुचवायचं ठरलं नव्हतं.

दुसरी सरुबाई. ती कपाळाला हात लावून उंबऱ्यात बसली होती. विचारायचा अवकाश, “हरवलीया की रं लेकरांनो!” म्हणाली. मेहरुनचा जीव भांड्यात पडणार, तोच कळलं की हरवलीय ती तिची तांबडी कोंबडी. विचारलं त्यांनी, मग शोधायचंही त्यांनीच. तिघांनी काट्याकुट्यात शिरून अर्धा प्रहर कोंबडी हुडकली. ती कुंपणात अंड्यावर बसली होती आणि तिला हरवल्याचा पत्ताही नव्हता. जाता जाता ती रियाजच्या बोटाला चोच मारून गेली.

तिसरे भिमाजी गुरुजी. त्यांचं तोंड तर बाराही महिने तसंच. प्रश्न ऐकून ते म्हणाले, “माझं काही हरवलं नाही. तुमचे पाढे हरवलेत. म्हण रे गेणू, एकोणतीस.” रविवार असून गेणूला पाराखाली उभ्यानं एकोणतीस म्हणावा लागला, आणि एकोणतीस सत्ते त्याला काही केल्या सापडेना.

ऊन कललं. दस्तगीर टांगा जुंपायला लागला. मेहरुननं मग शेवटचा उपाय केला. गेणूच्या देखत ती बापाजवळ गेली आणि एक डोळा जोरजोरात मिचकावत म्हणाली, “अब्बा, तुमची अधेली हरवलीया ना?”

दस्तगीरनं कनवटीला हात लावून चाचपलं. “न्हाई बा. हाय तेवढं हाय. पन घावली आसंल तर नगं म्हननार न्हाई.” आणि तिच्याकडं बघून, “डोळ्यात काय गेलंय गं? फुंकर घालू?”

असला बाप असल्यावर लेकीनं काय करावं! मेहरुन मुकाट टांग्यात चढली. गेणू घराकडं पळाला आणि धापा टाकत परतला तो पाठीवर इरलं घेऊन. आवणात भात लावताना पाठीवर घेतात ते, पानांचं. शिमगा होऊन गेलेला, आभाळात ढगाची चिंधी नाही.

“इरलं कशाला रं?” दस्तगीरनं विचारलं.

“म्होरं बसनार हाय मी,” गेणू म्हणाला. “रियाजला घितो आत. बारका हाय, गारठंल.”

कामशेत येईपर्यंत सांगून टाकावं, असं मेहरुनच्या दहा वेळा जिभेवर आलं. दहाही वेळा तिनं गेणूच्या सदऱ्याला घातलेलं ठिगळ बघितलं आणि गिळलं.

दस्तगीर गाडीच्या उतारूंसाठी स्टेशनावर थांबला आणि पोरं तंबूत शिरली. गेणू अगदी पडद्याच्या नाकाशी जाऊन बसला. अंधार झाला, पडदा उजळला, माणसं बोलायला लागली. आगगाडी आली आणि आली तशी निघून गेली. गेणूनं मान खाली घातली होती, ती वर काढली. हत्ती आलाच नाही. आणि मग वीज कडाडली, राणी महालातून बाहेर पडली आणि पडद्यावर धो धो पाऊस सुरू झाला.

गेणूनं रियाजला पोटाशी घेतलं आणि इरलं डोक्यावर ओढलं.

“ए, त्ये काय उभं केलंय? काड की मर्दा!” मागून गलका झाला. कुणीतरी भज्याचा कागद फेकून मारला. गेणू हलला नाही. थोड्या वेळानं इरल्याखालून त्याचा एक हात बाहेर आला आणि पालथा-उताणा झाला.

“आपा,” रियाज मोठ्यानं म्हणाला, “पानी कुटाय?”

सगळा तंबू हसला. गेणूनं इरलं उतरवलं आणि तो मेहरुनकडं बघायला लागला. पडद्यावरच्या उजेडात तिला त्याचं तोंड स्वच्छ दिसलं. दिवसभर गावात हुडकत होती तसलं तोंड. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“म्या कदी बघितलाच न्हवता,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

गेणूनं पडद्याकडं तोंड फिरवलं. भजीसुद्धा त्यानं तिच्याकडं पाठ करून खाल्ली. परतताना तो टांग्यात पुढं दस्तगीरपाशी बसला.

सोमवारी मेहरुन पोट दुखतंय म्हणाली, पण आईनं ओव्याची फक्की भरवून शाळेत धाडली. सिनेमाची बातमी आधीच पोचली होती. मारुती फाटकातच उभा, मागं सगळी शाळा.

“काय रं गेणू? भिजलास का?”

मेहरुन भिंतीला टेकली. गेणूनं पाटीदप्तर खाली ठेवलं.

“भिजलास म्हंजे?” तो म्हणाला. “इरलं व्हतं म्हनून निभावलं. म्होरली मानसं धोतरं पिळीत व्हती. रियाजला इचार.”

“लय पानी,” रियाज म्हणाला. तो बहिणीचाच भाऊ. “मासं बी व्हतं.”

मारुतीचा चेहरा पडला. मधल्या सुट्टीत पोरांनी गेणूला घेरलं. त्याच्या सिनेमात पूर आला होता. गर्दी पांगल्यावर मेहरुननं भीत भीत त्याला गाठलं.

“का रं सांगितलंस तसं?”

“आठ आने गेलं,” गेणू म्हणाला, “वर इरलं वागवून नेलं, भर तंबूत शिव्या खाल्ल्या. आन् पाऊस पडला न्हाई म्हनून मीच सांगू व्हय?” मग दुसरीकडं बघत, “पर फुडल्या बारीला मला आदी सांगत जा, काय खरं आन् काय न्हाई त्ये. मारामारी मला करावी लागतीया.”

मेहरुननं शपथ घेतली, आणि ती शपथ तिनं जन्मभर पाळली. दुसऱ्या कुणाशीही ती काहीही बोलो, गेणूला मात्र तिनं आधी सांगितलं.