गोठ्याच्या दारावरचा कडुलिंब

रिसोडच्या बाजाराला आले की लेकीच्या घरी ज्वारीच्या लाह्या टाकून जायचे, हा गोजराबाईंचा नेम होता. सत्तावन्न सालच्या त्या बाजारालाही त्या फडक्यात लाह्या बांधून आल्या आणि अंगणातच थबकल्या. गोठ्याच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा खोचलेला होता.

“परयागीले देवी आली,” विहीणबाई पाखडता पाखडता म्हणाल्या. “आत जाऊ नका. विटाळ चालत नाही आईले.”

“माह्या लेकीले माहा विटाळ?” म्हणत गोजराबाई आत शिरल्या.

म्हशीशेजारी गोणपाटावर प्रयाग पडली होती. तिच्या डोक्यातल्या गाठीवर नागपूरला किरणांचे उपचार झाले होते. तेवढ्या जागेचे केस चौकोनी गेले होते. त्या चौकोनाच्या कडेपासून लाल चट्टे उठून मानेवर, छातीवर उतरले होते. ओठांची साल निघाली होती, पापण्या चिकटल्या होत्या. देवीचे फोड गोजराबाईंनी पाहिले होते. ते असे नसतात.

पावलांच्या आवाजाने प्रयाग पुटपुटली, “गोळी नको. गिळता नाही येत.”

“मी हावो, तुही माय. कोन देते गोळी?”

“आत्याबाई.” सासूला ती आत्याबाई म्हणे. “फेपऱ्याची. रोज.”

गोजराबाई बाहेर आल्या. “देवी आली की दवा बंद करतेत, विहीणबाई. मंग हिले गोळी काहून?”

सूप थांबले. “फेपरं आलं की वरडते ते. घरी पावने येनार हायेत.”

“कोनते पावने?”

उत्तर भिंतीपलीकडून आले. शेजारच्या कमलीबाईंना कधीचे राहवत नव्हते. “जवाईबापूले पोरगी द्याले येऊन राह्यले, शिरपूरचे पुंजाजी. पयली जिती असली की दुसरी करता येत नाही, कायदा निघाला ना. म्हनून पयली वारली म्हनून सांगतलं त्याइले.”

गोजराबाईंनी लाह्या तिथेच टाकल्या आणि बाजारातून ओळखीची बैलगाडी आणली. लेकीला त्यांनी एकटीने उचलले, उशाची गोळ्यांची पुडीही घेतली.

सरकारी डॉक्टरांनी गोळीची पुडी पाहिली, मग चट्टे. “ही देवी नाही. हे या गोळीनं झालंय. किरणं दिली त्या जागेपासूनच सुरू झालंय. का, ते मला नीट सांगता येणार नाही. पहिला चट्टा दिसला तेव्हाच गोळी थांबवून आणायला हवं होतं. नागपूरला सांगितलं नव्हतं?”

गोजराबाईंना तो दिवस आठवला. डॉक्टर बोलायला लागले तसा जावई इंद्रभान म्हणाला होता, बाया बाहीर बसा. दुखणे बाईचे, पण ऐकायचे बाप्याने, ही रीतच होती. त्याही मुकाट उठल्या होत्या.

“सांगतलं असन,” त्या म्हणाल्या. “त्याले.”

गोळी बदलली. कातडी हळूहळू धरली. एक डोळा मात्र उघडला नाही.

शिरपूरला सोयरिकीच्या कुंकवाचा दिवस ठरल्याचे कानावर आले, तेव्हा प्रयागच म्हणाली, “मले घेऊन चाल.”

पुंजाजींच्या ओसरीवर नवरदेवासाठी पाट मांडला होता. इंद्रभान बसणार, तोच गोजराबाईंनी लेकीला त्यावर बसवले आणि तिच्या डोक्यावरचा पदर मागे केला. केसांतला चौकोन सगळ्यांना दिसला.

“ही पयली, पुंजाजी. वारली ते.”

“तिले फेपरं येते,” इंद्रभान म्हणाला. “डोकं फिरलं हाय तिचं.”

“मेलेलीचं डोकं कसं फिरते, बापू?” पुंजाजींनी विचारले. दाराआड उभ्या असलेल्या मुलीने कुंकवाचे ताट उचलून आत नेले.

वेशीपाशी इंद्रभानने सासूला गाठले. “आता तरी जीव थंडावला ना?”

“नाही,” गोजराबाई म्हणाल्या.

प्रयाग पुढच्या हिवाळ्यात गेली, त्या गाठीनेच. पण मायच्या घरी, खाटेवर, धुतलेल्या लुगड्यात.

गोजराबाईंचा बाजाराचा नेम मोडला नाही. फडक्यात लाह्यांऐवजी आता कडुलिंबाचा डहाळा असे. गोठ्यावर नाही, त्या तो इंद्रभानच्या मोठ्या दारावर खोचत. तो उपटून टाकला, तर पुढच्या बाजाराला ताजा येई. रस्त्याने जाणारा कोणीतरी विचारीच, कोनाले आली देवी? गोजराबाई थांबून सगळे सांगत: गोठा, गोळी, बाहेर बसवलेल्या बाया. त्या दाराची पायरी कोणी सोयरा चढला नाही.

एकदा विहीणबाई उंबऱ्यावर येऊन म्हणाल्या, “आता तरी बंद करा. लेक गेली ना तुमची.”

गोजराबाईंनी डहाळा नीट खोचला. “तुमचा लेक हाय ना अजून,” त्या म्हणाल्या आणि बाजाराकडे वळल्या.