रिकामं वर्तुळ

दूरच्या दीर्घिकांच्या पोटातली अवाढव्य कृष्णविवरं क्ष-किरणांत न्याहाळायची, हे तिचं काम. त्याची एक रीत होती. चित्रात कृष्णविवराभोवती एक वर्तुळ काढायचं आणि शेजारच्या रिकाम्या आकाशात दुसरं. रिकाम्यातला भरकटलेला उजेड पहिल्यातून वजा केला, की उरतो तो कृष्णविवराभोवतीच्या तापलेल्या वायूचा खरा उजेड. एका दीर्घिकेच्या चित्रात कित्येक वर्षं ती दुसरं वर्तुळ त्याच एका कोपऱ्यात काढत आली होती. हातच बसला होता.

त्या दुपारी नव्या, जास्त भेदक दुर्बिणीतून त्याच दीर्घिकेचं चित्र आलं. तिने सवयीने दुसरं वर्तुळ काढलं. रिकाम्या जागेच्या अगदी मधोमध एक ठिपका होता, धुळीच्या जाड पडद्याआडून कुणीतरी एकटक बघावं तसा. आणखी एक कृष्णविवर. ते पहिल्यापासून तिथेच होतं, आणि त्याचा जो काही अंधूक उजेड येत होता, तो ती इमानेइतबारे वजा करत होती.

"भूत बघितल्यासारखी काय बसलीस?" शेजारचा सहकारी हसला. "एकुलत्या एक पोरी भित्र्याच!"

एकुलती एक, असं तिनेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. जिन्यात जाऊन तिने आईला फोन लावला.

"आई, ताईचा फोटो कुठे आहे गं?"

"आहे तिथेच आहे," आई म्हणाली. "ती गेली त्या दिवशी तू भिंतीकडे तोंड करून ठेवलास ना, तसाच. मी रोज पुसते. मागूनच पुसते."