दारावरची पिवळी फुली

आपण एखाद्याच्या भल्यासाठी जिवाचं रान करावं आणि त्यानेच आपल्या तोंडावर दार लावावं, असं तुमच्याही बाबतीत कधीतरी घडलं असेल. मग आपण घरी येऊन तणतणतो, काय मेले कृतघ्न लोक आहेत! मंडळी, असं ज्यांनी म्हटलं असेल त्यांनी हे जरूर ऐका.

रंगाच्या कारखान्यामागे एक वस्ती होती. कारखान्याचा उघडा नाला तिच्या कडेने वाहायचा आणि तुंबला की थेट घरांत शिरायचा. डिझाइन कॉलेजच्या मुलांचा एक गट वर्षभर वस्तीतल्या लोकांबरोबर खपत होता. नाला बंद पाइपातून दुसरीकडे वळवायचा, असा नकाशा सगळ्यांनी मिळून केला होता. उद्या सकाळी पालिकेचे इंजिनियर पाहणीला येणार होते. ज्या घरांत माणसं राहताना दिसतील तेवढीच घरं ते मोजणार होते. बरीच कुलपं दिसली तर काम मंजूर होणार नव्हतं.

गटाची म्होरकी मोठी हुशार आणि तितकीच उतावळी. साधं बाहेर जायचं तरी आधी कागदावर आखायची, म्हणून मित्र तिला प्लॅनबाई म्हणत. कुठल्या घरांत पाणी शिरतं ते साहेबांना चटकन दिसावं, म्हणून तिने दुपारी त्या घरांच्या दारांवर पिवळ्या रंगाने ठळक फुल्या मारल्या. लोक कामावर गेले होते. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना कशाला फोन करायचा, असं तिला वाटलं.

संध्याकाळी ती पुन्हा आली, तर गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा! गाद्यांच्या वळकट्या आणि भांड्यांची पोती बाहेर आली होती. शिवणकाम करणाऱ्या मावशी आणि त्यांचा नवरा शिलाई मशीन उचलत होते. ही घरं रिकामी झाली तर उद्या साहेबांना नुसती कुलपंच दिसणार होती.

मावशींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या जुन्या वस्तीत दारांवर अशाच फुल्या आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी बुलडोझर आला होता. त्यांचं पहिलं मशीन त्या ढिगाऱ्यात गेलं होतं. हे त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं.

फुल्या आपणच मारल्या, घरं पाडायचा काही संबंध नाही, हे प्लॅनबाई घसा कोरडा पडेपर्यंत सांगत राहिली. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मावशी, तुमच्या भल्यासाठीच केलं हो!"

"तेव्हा आलेले साहेबही हेच म्हणाले होते," मावशी म्हणाल्या.

टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. प्लॅनबाईने तिरीमिरीत फडकं आणि रॉकेल घेतलं आणि समोरच्या दारावरची फुली पुसायला हात उचलला. तेवढ्यात गल्लीतल्या कंपाउंडरकाकांनी तिचा हात धरला. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या म्हाताऱ्याचा शब्द वस्तीत चालत असे.

"मारताना विचारलं नाहीस. आता पुसतानाही विचारणार नाहीस?"

"काका, वेळ कुठे आहे?"

"दुपारीही तुला असंच वाटलं असणार."

मग काका लोकांकडे वळले. या पोरांबरोबर वर्षभर नकाशे काढलेत, आणि एक फोन करून विचारायला काय धाड भरली होती, म्हणून त्यांनाही झाडलं.

प्लॅनबाई मावशींच्या दाराशी गेली. या वेळी तिने काहीच समजावलं नाही. "मावशी, माझं चुकलं. दार तुमचं आहे. फुली पुसू का?"

मावशींनी मशीन दाराशी खाली टेकवलं. मग म्हणाल्या, "पूस."

तिने पुसली. दार स्वच्छ झाल्यावर मावशींनी तिच्याकडून ब्रश मागून घेतला आणि बाहेरच्या भिंतीवर, गुडघ्याच्या वर, एक आडवी रेघ ओढली. "साहेबांना दाखवायचंय ना? पाणी इथवर आलं होतं." नवऱ्याला त्यांनी मशीन आत न्यायला सांगितलं.

मग प्लॅनबाई प्रत्येक दाराशी गेली. कुणी शिव्या दिल्या, कुणी ब्रश मागितला. टोकाच्या घरातल्या जोडप्याने मात्र ऐकलं नाही. टेम्पो त्यांना घेऊन गेला.

सकाळी इंजिनियर आले. भिंतीभिंतींवर रेघा पाहून त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?" प्लॅनबाईने तोंड उघडलं आणि मिटलं.

"आम्ही," मावशी म्हणाल्या.

पाइपाचं काम मंजूर झालं, पण टोकाच्या घराला कुलूप होतं. ते मोजलं गेलं नाही आणि पाइप त्याच्या अलीकडेच थांबणार होता. प्लॅनबाई त्याच दुपारी त्या जोडप्याचा पत्ता काढत निघाली.

मंडळी, दुसऱ्याचं भलं करण्याची तळमळ चांगलीच आहे, ती सोडू नका! पण त्याच्या घराचा निर्णय त्याच्या माघारी घेऊ नका. आधी दार वाजवा, आणि आतून उत्तर येईपर्यंत थांबा.