मामाच्या मानाचं कापड

मी सूटपीस बोलतोय. गडद निळा, बारीक विणीचा, पारदर्शक झाकणाच्या खोक्यात घडी घालून निजवलेला. माझे एक-दोन भाऊ तुमच्याही घरी असतील. दिवाणाच्या पोटात, जुन्या सतरंजीखाली, डांबरगोळीच्या शेजारी बघा. आम्ही कुरकुर करत नाही, म्हणून आमची विचारपूस कोणी करत नाही. आज मात्र मला बोलायचं आहे, आणि जे बोलायचं आहे ते आनंदाचंच आहे.

जन्म माझा गिरणीतला. ते दिवस फारसे आठवत नाहीत. खूप आवाज होता आणि आम्ही सगळे एकाच लांब ताग्यात एकमेकांना धरून होतो, एवढंच आठवतं. मी वेगळा झालो तो अकोल्याला, टिळक रोडवरच्या एका कापडदुकानात. तिथे भगवंतराव आले. अमरावतीच्या एका शाळेत ते भूगोल शिकवायचे; अकोल्याला धाकट्या बहिणीकडे, जमुनाबाईंकडे, पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी मला बोटांत धरून चोळलं, दाराशी उजेडात नेऊन पाहिलं आणि पुन्हा चोळलं. कापड घेताना माणसं असंच करतात. त्या चोळण्यातून त्यांना काय कळतं, ते मला अजून कळलेलं नाही.

अमरावतीला घरी पोचल्यावर त्यांच्या पत्नीने, कुंदाबाईंनी, मला पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. "सूट? अन् घालसान कवा, मे महिन्यात?"

भगवंतरावांचं म्हणणं साधं होतं. स्वतःच्या लग्नात त्यांनी मित्राचा सूट मागून घातला होता. बाह्या इतक्या लांब, की हार घालताना आधी हात शोधावे लागले. आता एक सूट आपल्या मापाचा असावा. घाई काही नव्हती. "आकांक्षा मोठी होऊन कुठं स्टेजवर गेली," ते म्हणाले, "तं मी सूट घालून पयल्या रांगेत बसीन."

आकांक्षा तेव्हा चार वर्षांची होती आणि आईच्या मांडीला टेकून उभी होती. नव्या कापडाच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावायची त्या घरची रीत. कुंदाबाईंनी वाटीत थेंबभर पाण्यात हळद कालवली. बोट कोणी लावायचं याचा विचार होईपर्यंत पोरीने अख्खा पंजा वाटीत बुडवला आणि माझ्या कोपऱ्यावर दाबला. पाच बोटं, तळवा, सगळं उमटलं. कुंदाबाई रागावल्या. भगवंतराव हसून म्हणाले, "राहू दे. पोरीनं सही केली."

मग घडी आतल्या बाजूने घातली गेली, सही आत गेली आणि मी खोक्यात परत. मला वाटलं, चार-दोन दिवसांत शिंप्याकडे जाईन.

त्याच उन्हाळ्यात कुंदाबाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. सगळ्यांचे आहेर झाले आणि मुलाकडचा एक चुलता रुसून जेवणावरून उठू लागला. त्याच्या नावाचं कापड मोजण्यात राहून गेलं होतं. भगवंतरावांनी स्वतः घरी जाऊन मला आणलं. कुंदाबाई नको म्हणाल्या, निदान हळद लागलेलं कापड तरी नको. "कोण उघडून पाहते?" ते म्हणाले. "अन् मी दुसरा घेईन."

त्यांनी दुसरा घेतला नाही. पण उघडून कोणी पाहणार नाही, हे मात्र त्यांचं खरं ठरलं.

त्यानंतर मी जो निघालो तो अख्खा वऱ्हाड प्रांत पालथा घातला. दर्यापूर, अचलपूर, परतवाडा, बार्शिटाकळी. प्रत्येक घरात माझं स्वागत छान व्हायचं. झाकणावरून हात फिरायचा, "कपडा भारी हाये" असं कोणीतरी म्हणायचं, आणि मी दिवाणात जायचो, ते पुढच्या लग्नापर्यंत. खोक्यावरची नावाची चिठ्ठी तेवढी बदलायची. जुन्या चिठ्ठीवरच नवी डकवत डकवत तिथे चांगला जाड पुठ्ठा तयार झाला होता. परतवाड्याला तर एकाच मांडवात मी दोनदा आहेर झालो. सकाळी नवरदेवाच्या मावशाला मिळालो आणि दुपारी तोच मावसा मला घेऊन नवरीच्या आजोबांपुढे उभा राहिला. कोणी ओळखलं नाही. ज्याने मला दिलं होतं, तोही शेजारीच उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मला राग येत नसे. मी इतकी लग्नं पाहिली, इतकी सनई ऐकली, की तक्रार कशाची करायची? फक्त प्रत्येक वेळी खोकं हललं, की वाटायचं, या वेळी कात्री. माणसांना कात्रीची भीती वाटते. आमचं आयुष्य तिच्यापासून सुरू होतं.

दोन वर्षांपूर्वी भगवंतराव गेले. मला ते कळलं नाही. मी तेव्हा मूर्तिजापूरला एका कपाटात होतो, आणि कपाटात बातम्या येत नाहीत.

मला कळलं ते यंदाच्या वैशाखात. फिरत फिरत मी अकोल्याला जमुनाबाईंच्याच घरी आलो होतो आणि त्यांच्या बंडूचं लग्न होतं. आहेराच्या खोलीत साड्यांच्या ढिगाशेजारी मी पडलो होतो. तिथेच दोन मुली पाय पसरून बसल्या. एक बंडूची बहीण अबोली, दुसरी तिची मामेबहीण. अबोलीने तिला नावाने हाक मारली तेव्हा माझ्या घड्या ताठ झाल्या. आकांक्षा.

ती एमबीए करत होती. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कंपनीत तिला इंटर्नशिप मिळाली होती. पुढच्या सोमवारी पहिला दिवस. बाहेरगावचे खरीददार येणार, प्रत्येक नव्या मुलाने स्टेजवर उभं राहून त्यांच्यासमोर बोलायचं आणि सगळ्यांनी सूट घालायचा, असं कंपनीने कळवलं होतं. आकांक्षाचं बोलणं तयार होतं. सूट नव्हता.

तिने शोधायला कसर ठेवली नव्हती. रेडिमेडच्या दुकानातला कोट परवडणारा होता, पण त्याचे खांदे तिच्या खांद्यांच्या दोन बोटं पुढे जायचे. ऑनलाइन मागवलेला आला तो इतका चकचकीत, की कुंदाबाईंनी विचारलं, हा पावसाळ्यातला आहे का. शेवटी मैत्रिणीने भाड्याच्या दुकानात नेलं. तिथे मुलींच्या मापाचा एकच कोट होता, शाळेच्या गॅदरिंगमधल्या वकिलाचा. बाकीचे सोनेरी बटणांचे, नवरदेवांचे. "तो घालून गेली तं लोक वरात शोधतीन," असं ती म्हणाली आणि दोघी हसून लोळल्या. मग हसू थांबल्यावर हळूच म्हणाली, की बाबा असते तर त्यांनी कुठून तरी बरोब्बर आणला असता. तेव्हा मला कळलं.

जेवणं झाली आणि आहेर सुरू झाले. पहिला मान नवरदेवाच्या मामाचा. जमुनाबाईंनी रीतीप्रमाणे दोन पाट मांडले, भावाचा आणि भावजयीचा. हातात कुंकवाचं ताट, ताटात नारळ, पांढरी टोपी आणि मी. इतक्या वर्षांची जिभेची सवय. त्यांनी मोठ्याने पुकारलं, "भगवंतदादा, या पाटावर."

 वाढप्यांनी पातेली ठेवलेली ऐकू आली. जमुनाबाईंच्या हातातलं ताट कललं आणि टोपी नारळावरून घसरली. त्यांचे मोठे दीर जानराव पुढे झाले आणि रिकामा पाट उचलायला वाकले.

तेवढ्यात कुंदाबाई येऊन आपल्या पाटावर बसल्या आणि त्यांनी दुसऱ्या पाटावर हात ठेवला.

"पाट काहून उचलता, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "दे जमुना. आमच्या घरात सूट घालणारी हाये. आकांक्षा, बस अठी."

जानराव पुटपुटले, की मामाच्या पाटावर पोट्टी बसलेली त्यांनी जन्मात पाहिली नाही. त्यांच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी, लगेच सांगितलं, की मग आज पाहून घ्या, पुढे चष्मा लागेल. आकांक्षा आली आणि बसली. जमुनाबाईंनी तिला टिळा लावला आणि ती पांढरी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. कानापर्यंत खाली आली. मग मला तिच्या ओंजळीत दिलं. आणि सहा फुटी बंडू, डोक्याला फेटा, गळ्यात हार, आपल्यापेक्षा लहान बहिणीच्या पायांशी वाकून म्हणाला, "मामा, आशीर्वाद द्या."

तिने गंभीर चेहऱ्याने त्याच्या फेट्यावर हात ठेवला. मग जो हशा उसळला, त्यात जमुनाबाई सगळ्यात मोठ्याने हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. अमरावतीच्या गाडीत आकांक्षाने टोपी काढली नाही. मी तिच्या मांडीवर होतो. ओळखीच्या दोघींमध्ये बसून बोलता न येणं काय असतं, ते त्या प्रवासात मला कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही राजापेठेत पंजाबराव शिंप्यांकडे गेलो. दुकान नवरदेवांच्या कोटांनी भरलेलं. पंजाबरावांनी हात जोडले. एक तर लग्नसराई, त्यात पोरीचा कोट त्यांनी कधी शिवलेला नाही. लेडीज टेलरकडे जा. कुंदाबाईंनी सांगितलं, की लेडीज टेलरने इकडे पाठवलं आहे, कोट शिवणं आपलं काम नाही म्हणतो. पंजाबराव चिडून त्याला काहीबाही बोलले आणि निदान कापड तरी बघू म्हणून त्यांनी खोकं उघडलं. एक घडी, दुसरी घडी, तिसरी.

"कापडाले डाग हाये, ताई. ज्याचं असंन त्याले वापस करा."

कुंदाबाई पुढे झुकल्या. हळद उन्हाने उडते. अंधारात राहिली तर टिकते. पाच बोटं, लहानसा तळवा. त्यांनी मला हात लावला नाही. नुसत्या पाहत राहिल्या, आणि दुकानातली मशीन आपोआप थांबली.

"डाग नाई तो, भाऊ," त्या म्हणाल्या. "माह्या पोरीचा हात हाये. ज्याचं होतं, त्याच्याच घरी वापस आलं हे."

मग त्यांनी थोडक्यात सगळं सांगितलं. आकांक्षाला त्यातलं काही आठवत नव्हतं. "म्हणजे हा बाबांचा?" एवढंच तिने विचारलं. कुंदाबाईंनी मान हलवली.

पंजाबराव अजून डोकं खाजवत होते. आकांक्षा त्यांना म्हणाली, "काकाजी, तुमाले जसा येते तसा शिवा. बिघडला तं मी बिघडलेला घालीन."

हा घाव बरोबर बसला. आपल्या हातून कोट बिघडेल हे ऐकून घेणारा शिंपी अजून जन्मायचा आहे. पंजाबरावांनी टेप काढली. पण पोरीचं माप घ्यायला ते इतके लाजले, की टेप कुंदाबाईंच्या हातात देऊन स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "खांदा," ते कॅलेंडरला सांगत. "आता बाही. सैल धरा, सैल." कुंदाबाई आकडा सांगत, ते "असा कसा" म्हणून पुन्हा मोजायला लावत.

हळदीचा कोपरा ते बाजूला काढणार होते. आकांक्षाने विचारलं, आतला खिसा कशाचा करणार? बायकांच्या कोटाला आतला खिसा नसतो, असं पंजाबराव म्हणाले. तिने विचारलं, कोणी ठरवलं? पंजाबरावांनी खडू उचलला. आतला खिसा झाला, डाव्या बाजूला, त्या कोपऱ्याचा. सही आतल्या अंगाला.

आणि अखेर कात्री आली. कसं वाटलं विचाराल, तर आळस देऊन उठल्यासारखं.

पंजाबरावांनी दोनदा उसवाउसव केली. कंबरेत घ्यायचं किती, यावरून त्यांनी शेवटी लेडीज टेलरलाच बोलावून आणलं. दोघं मिळून माझ्याभोवती चहा पीत भांडले. शनिवारी मी तयार झालो. खांदे जिथल्या तिथे, बाह्या मनगटापाशी. हार घालायची वेळ आली असती, तर हात शोधावे लागले नसते.

सोमवारी नांदगाव पेठला ऊन असं होतं, की गेटवरचा माणूस ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसला होता. आत गेलो तर साहेब स्वतः अर्ध्या बाहीच्या शर्टात. पोरांनी कोट हातावर घेतले होते. अंगात सूट असलेली आकांक्षा एकटीच. साहेबांनी नमस्कार करायच्या आधी माझी बाही दोन बोटांत धरून चोळली. "कपडा कुठला?"

"घरचा," ती म्हणाली.

मग तिचं नाव पुकारलं गेलं. स्टेजच्या पायरीवर तिचा श्वास मला आतून जाणवत होता, भराभर. तिने उजवा हात माझ्या आत घातला, खिशात. चार वर्षांच्या हातावर आताचा हात टेकला आणि थोडा वेळ तसाच राहिला. मग ती पुढे झाली आणि बोलली. काय बोलली ते मला सगळं समजलं नाही, पण हशा दोनदा आला आणि टाळ्या बऱ्याच वेळ.

पहिल्या रांगेत भगवंतराव नव्हते. पण सूट त्यांचाच होता, आणि तो पहिल्या रांगेच्याही पुढे उभा होता.

आता मी अमरावतीला दारामागच्या खुंटीवर असतो. शेजारच्या खुंटीवर ती पांढरी टोपी. माझ्या कोपराला थोडी चमक आली आहे, कॉलरला घामाची रेघ आहे, एका खिशात बसचं तिकीट चुरगळून पडलेलं आहे. मला हे सगळं आवडतं. बंडूने फोन केला, की तो आधी "मामा आहेत का" असं विचारतो.

तुमच्याकडे एकच मागणं. दिवाणाचं झाकण उचला, माझ्या भावाला बाहेर काढा आणि शिंप्याकडे न्या. घरात सूट घालणारं कोणी नाही, असं लगेच म्हणू नका, नीट पाहा. आणि कापायच्या आधी सगळ्या घड्या उलगडा. कोणी सही करून ठेवली असेल.